बालगंधर्वांचा शालू खरा कसा ठरवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजोबा गंधर्व नाटक मंडळीत नोकरीला होते. घरच्या ट्रंकेत एक जरीचा शालू, एक मखमली पोलकं आणि मोत्यांची नथ आहे. ‘हे नारायणरावांचं’, म्हणजे बालगंधर्वांचं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. हे खरं कसं ठरवायचं, जपायचं कसं, आणि यातूनच संगीत रंगभूमीवरच्या कलावंतांच्या कपड्यांचा-दागिन्यांचा संग्रह उभा करायचा तर सुरुवात कुठून करायची? शिवाय भावाला ते अमेरिकेला न्यायचं आहे.

आधी एक विनंती. शालू पूर्ण उलगडू नका, उन्हात घालू नका, ड्रायक्लीनला देऊ नका. नथ सोनाराकडे उजळायला तर मुळीच देऊ नका. मी बरीच वर्षं जुनी वस्त्रं तपासण्याचं आणि जपण्याचं काम करतो. माझ्या अनुभवात काळाने केलेल्या नुकसानापेक्षा, वस्तू हाती आल्यावर पहिल्या आठवड्यात उत्साहाने केलेलं नुकसान मोठं असतं.

आता खरेपणाबद्दल. ‘नारायणरावांचं’ या एका शब्दात चार वेगवेगळे दावे दडलेले असतात आणि ते आधी सुटे करायला हवेत. एक, वस्त्र त्यांच्या खासगी वापरातलं होतं. दोन, त्यांनी ते रंगमंचावर नेसलं होतं. तीन, ते कंपनीच्या कपडेपटातलं होतं, म्हणजे ते त्यांनी नेसलं असेल किंवा दुसऱ्या एखाद्या स्त्रीपार्टी नटानेही, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटानेही, नेसलं असेल. चार, त्यांनी ते कुणाला भेट दिलं. म्हणजे ते त्यांच्या हातून गेलं, पण अंगावर कधी चढलंच नाही. तुमचे पणजोबा कंपनीत होते, त्यामुळे तिसरा आणि चौथा दावा सर्वांत संभवनीय आहे. नाटक कंपन्यांवर कर्ज झालं, पगार थकले की कपडेपटातली वस्तू नोकराच्या पदरात पडणं अशक्य नव्हतं. उरलेला माल ड्रेपरीवाल्यांकडे, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्यांकडेही जायचा. तिसरा दावा सिद्ध झाला तरी तुमच्याकडे मोलाची वस्तू आहे. लोक मात्र थेट दुसऱ्या दाव्यावर उडी मारतात आणि मग पुरावा त्या उडीला पुरत नाही.

कपडे तपासण्याआधी माणसं तपासा. घरात सर्वांत वयस्कर कोण आहे? आत्या, आजी, चुलत आजोबा, जे कोणी असतील त्यांच्यासमोर फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून बसा. ‘हे बालगंधर्वांचं आहे ना?’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘हो’च येणार. ‘ही ट्रंक पहिल्यांदा कधी पाहिलीस? कुठे ठेवलेली असायची? त्यात अजून काय होतं? तुला हे कुणी सांगितलं, त्या वेळी तुझं वय काय?’ असं विचारा. कोण कुणाकडून ऐकल्याचं सांगतं हे क्रमाने लिहून काढा, तारीख घाला, सही घ्या. स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं तर चांगलंच. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की त्या व्यक्तीने तसं ऐकलं होतं. त्याला जोड हवी ती कागदाची: पणजोबांच्या नोकरीचं पत्र, पगाराची पावती, कंपनीसोबतचा गटफोटो, दौऱ्यावरून घरी पाठवलेलं पोस्टकार्ड. पोस्टाचा शिक्का असलेलं एक कार्ड कधीकधी अख्ख्या कुटुंबाच्या आठवणींपेक्षा जास्त बोलतं.

संग्राहक ज्यासाठी पैसे मोजतो ती ही साखळी असते. लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये सदबीजने फ्रेडी मर्क्युरीच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव केला. फ्रेडी म्हणजे ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. १९८६च्या दौऱ्यातला त्याचा मुकुट आणि झगा ६ लाख ३५ हजार पौंडांना गेला. मुकुट-झगा खरा राजेशाही नव्हताच, फरही नकली. पण तो कुणी बनवला ते माहीत होतं, तो घालून गातानाचे असंख्य फोटो होते, आणि फ्रेडीच्या मृत्यूनंतर त्याच्या घरातल्या वस्तू एकाच व्यक्तीने, त्याची मैत्रीण मेरी ऑस्टिनने, सांभाळल्या होत्या. कलावंतापासून विक्रीपर्यंत एकच कडी. तुमच्या शालूच्या बाबतीत अशा तीन-चार कड्या आहेत; त्यातली प्रत्येक जोडलेली दाखवता आली पाहिजे.

आता वस्त्राकडे. वस्त्र मालकाचं नाव सांगत नाही, पण स्वतःचं वय बऱ्यापैकी सांगतं, आणि खोट्या गोष्टींपैकी निम्म्याहून अधिक इथेच गळतात. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८चा. ते किर्लोस्कर मंडळीत १९०५ साली आले, गंधर्व नाटक मंडळी १९१३ची, ‘स्वयंवर’ १९१६चं, ‘एकच प्याला’ १९१९चं. शालू त्या सुमाराचा असेल तर जर एक तर खरी, म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा, किंवा तांब्याच्या तारेची नकली. प्लॅस्टिकवर धातूचा थर दिलेली चमकदार जर दिसली तर गोष्ट तिथेच संपली. ती खूप नंतरची. जर तपासायला धागा जाळू नका, कसोटीवर घासू नका. बऱ्याच सराफांकडे सोन्याचं कॅरेट मोजायचं एक्स-रे मशीन असतं. शालूचा काठ त्याखाली नुसता धरला की चांदी आहे की तांबं हे वस्तूला धक्का न लावता कळतं. इतक्या बारीक तारेवर आकडा नेमका येत नाही, पण आपल्याला आकडा नकोच आहे.

शालूची उलटी बाजू पाहा. बनारसी शालूला मागे बहुधा जरीचे सुटे धागे असतात. हातमागाच्या जुन्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो. घरात ‘शालू’ म्हणतात ती कधीकधी पैठणी निघते, आणि तसं निघालं तर जुन्या फोटोंत शोध कशाचा घ्यायचा तेच बदलतं. मग खोली अंधारी करून अतिनील प्रकाशाची लहान बॅटरी मारा. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसली चालते. शिवणीचा किंवा अस्तराचा दोरा निळसर पांढरा चमकला, तर त्यात चकाकी आणणारं आधुनिक रसायन आहे. ते साधारण १९५० नंतर सर्रास झालं. दोरा नंतर दुरुस्तीत घातलेला असू शकतो किंवा कुणी वस्त्र डिटर्जंटने धुतलेलं असू शकतं, त्यामुळे एका चमकेवरून निकाल देऊ नका. पण पोलक्याच्या प्रत्येक मूळ शिवणीतून तशी चमक आली तर ते पोलकं १९२०च्या आसपासचं मानायला मी तयार होणार नाही.

तुमच्या तिन्ही वस्तूंपैकी मला सर्वांत जास्त आशा पोलक्याकडून आहे. साडी कुणालाही नेसता येते. नऊवारी कोणत्याही अंगाला बसते. पोलकं एका अंगासाठी शिवलेलं असतं. ते सपाट पृष्ठभागावर ठेवून मऊ टेपने खांद्याची रुंदी, मुंढा, छाती, बाहीचा घेर आणि पाठीची उंची मोजा. पुरुषाच्या अंगासाठी बेतलेल्या पोलक्याचं खांदा आणि छातीचं प्रमाण वेगळं असतं, आणि अनुभवी शिंप्याला ते नुसतं पाहून कळतं. त्यानंतर शिवणीच्या आत ‘माया’, म्हणजे राखून ठेवलेलं जादा कापड, किती सोडली आहे ते बघा आणि जुन्या टाक्यांची भोकं शोधा. एकच पोलकं वर्षानुवर्षं वापरात असेल, नट अंगाने भरत गेला असेल, तर माया टप्प्याटप्प्याने उसवून पुन्हा शिवलेली सापडते. हे खोटं करणं फार अवघड आहे. पण एवढ्याने सिद्ध होतं ते इतकंच, की हे एका स्त्रीपार्टी नटाचं पोलकं आहे. त्या काळात असे नट बरेच होते. केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्यासारख्यांनीही स्त्रीभूमिका केल्या.

बगलेतले घामाचे डाग, गळ्याच्या कडेला सफेद्याचा किंवा पावडरीचा थर, कुंकवाचा ठिपका, टोपाच्या (नकली केसांच्या) गोंदाचा चिकटपणा, अत्तराचा डाग: हे सगळं पुरावा आहे. म्हणूनच धुवायचं नाही. अमेरिकन रॉक गायक कर्ट कोबेनने १९९३च्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या प्रसिद्ध कार्यक्रमात घातलेला स्वेटर डागांसह, सिगारेटने पडलेल्या भोकासह, न धुता २०१९ साली ३ लाख ३४ हजार डॉलरला विकला गेला. तो कुणी ‘स्वच्छ’ केला असता तर रंगमंचावरचा तो माणूसच त्यातून धुऊन निघाला असता. कमरेच्या आत किंवा काठाच्या कोपऱ्यात न पुसणाऱ्या शाईने केलेली धोब्याची खूणही शोधा. तशीच खूण कंपनीच्या इतर एखाद्या वस्त्रावर सापडली तर दोन्ही एकाच घरच्या धुण्यातली असल्याचा तो भक्कम धागा ठरतो.

फोटोंशी जुळणी करताना फार लोक फसतात, म्हणून इथे थोडं थांबतो. बालगंधर्वांचे भामिनी (‘मानापमान’), रुक्मिणी (‘स्वयंवर’), सिंधू (‘एकच प्याला’) या भूमिकांतले फोटो भरपूर आहेत. आपला शालू लाल आणि फोटोतला जवळजवळ काळा दिसतो, म्हणून ‘हा तो नव्हे’ असं लोक ठरवून टाकतात. त्या काळच्या फोटोच्या काचा तांबड्या रंगाला आंधळ्या होत्या. लाल रंग त्यात गडद येतो आणि निळा फिका. त्यामुळे काळा दिसणारा शालू लाल असू शकतो आणि पांढुरका दिसणारा आकाशी. रंगीत फोटो मिळाला तर तो स्टुडिओतल्या कलाकाराने हाताने रंगवलेला. रंग त्याच्या मर्जीचा. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी काढलेली नारायणरावांची पुरुषवेषातली आणि स्त्रीवेषातली भव्य चित्रं आहेत. चित्र म्हणून ती अप्रतिम आहेत, तासभर उभं राहून पाहावीत अशी. पण रंगमंदिरच १९६८चं, नारायणराव १९६७ मध्ये गेल्यानंतरचं; त्या चित्रांतल्या साडीवरून आपल्या साडीची ओळख पटवू नका.

म्हणून रंग सोडा आणि विणीकडे बघा. काठापासून पहिली बुट्टी किती अंतरावर आहे, पदरावर आडव्या पट्ट्या किती, एखादी कोयरी चुकून उलटी आली आहे का, जर कुठे उसवली आणि कुठे रफू केली. हातमागावर दोन वस्त्रं हुबेहूब सारखी होत नाहीत. अशा तीन-चार चुका फोटोत आणि वस्त्रात एकाच जागी सापडल्या तर त्यापुढे शंकेला जागा उरत नाही. त्यासाठी छापील पुस्तकातलं चित्र उपयोगाचं नाही, ठिपक्यांत सगळा तपशील विरघळतो. मूळ प्रिंट किंवा तिचं चांगलं स्कॅन लागतं. ‘अगदी तसाच दिसतो’ हे मात्र इथे काहीच सिद्ध करत नाही. घरंदाज बायका बालगंधर्वांची नेसण्याची ढब, त्यांची केशरचना, त्यांचे दागिने पाहून तसं नेसत-सजत. त्यामुळे ‘बालगंधर्वांसारखे’ शालू त्या पिढीत किती घरांत असतील याचा विचार करा.

नथेचं थोडक्यात. आधी तार पाहा. नाक न टोचलेल्या नटाला चापाची नथ लागते. मुळातच चापाची असेल तर वेगळं, आणि टोचलेल्या नाकाची तार काढून नंतर चाप झाळून बसवला असेल तर वेगळं. भिंगाखाली झाळल्याची खूण दिसते. मोती काचेचे निघाले म्हणून निराश होऊ नका. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत चमकायला मोठे, नकली मोती चालत. खऱ्या मोत्यांची नथ रंगमंचावरची असण्यापेक्षा घरातल्या एखाद्या आजीची असण्याची शक्यता जास्त धरा, पुरावा उलटं सांगेपर्यंत. पुढे संग्रह वाढवताना हस्तिदंताच्या बांगड्या, हस्तिदंती मुठीची काठी किंवा शाहतूश शाल समोर आली तर लांब राहा. वन्यजीव कायद्याखाली त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, मग वस्तू कितीही मोठ्या माणसाची असो.

जपणुकीला आपल्या हवेत सर्वांत मोठा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम. स्वस्त आर्द्रतामापक कपाटात ठेवा. कोकणात किंवा मुंबईत ती पातळी राखणं कठीण, पण चढउतार कमी करणं हातात आहे: बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नका, पावसाळ्यात ते रोज उघडू नका. शालू घडीवर तुटतो. म्हणून तो आम्लविरहित कागद गुंडाळलेल्या जाड नळीवर, उजवी बाजू बाहेर ठेवून, गुंडाळा; वरून कांजी पूर्ण काढलेली धुवट मलमल. प्लॅस्टिकची पिशवी नको, लोकरी कापड नको, रबरबँड नको. लोकर आणि रबर यांच्यामुळे चांदीची जर काळी पडते. पोलक्याला हँगर नको. ते आडवं ठेवा, बाह्यांत आणि खांद्यांत कागदाचे मऊ गोळे भरा. जुन्या टाचण्या, सेफ्टी पिना असतील तर काढा, पण त्या कुठे होत्या त्याचा फोटो आधी घ्या. काळी पडलेली जर चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांनी घासण्याचा मोह होईल. करू नका; मुलामा जातो आणि तो परत येत नाही.

कसर लागण्याच्या भीतीने लोक डांबरगोळ्या पसरतात. त्यांची वाफ तुम्हालाही चांगली नाही. वेखंड, लवंग मलमलीच्या पुरचुंडीत, वस्त्राला न टेकता ठेवा, पण त्यावर विसंबू नका. खरा उपाय म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी नजर टाकणं. किडीचा संशय आला तर पोलकं हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस तसंच. याच एका कामासाठी प्लॅस्टिकची पिशवी चालते. मखमल किंवा जर सुटू लागली असेल तर हे घरी न करता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी सल्ला घ्या.

आणि कृपा करून कुणी लग्नात किंवा एकांकिकेत नेसायला मागितला तर नाही म्हणा. मेरिलिन मन्‍रोने १९६२ मध्ये केनेडींच्या वाढदिवसाला घातलेला झगा २०१६ साली ४८ लाख डॉलरला गेला होता. २०२२ मध्ये एका सोहळ्यात तो दुसऱ्या प्रसिद्ध व्यक्तीच्या अंगावर चढला तेव्हा संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जाहीरपणे सांगितलं की ऐतिहासिक वस्त्र पुन्हा कुणीही अंगात घालू नये. शंभर वर्षांच्या रेशमाला एका संध्याकाळचा घाम आणि ताण पुरेसा असतो.

किमतीचं विचाराल तर मराठी रंगभूमीच्या कपड्यांचा आपल्याकडे स्थिर बाजार नाही. म्हणजे भाव देणारा आणि घेणारा मिळून ठरवतात, आणि त्यात घासाघीस करताना समोर बहुतेक वेळा गरजू वारस असतो याचं भान ठेवा. मी सल्ला देतो तेव्हा एकच आग्रह धरतो: संच फोडू नका. मेक्सिकोत चित्रकार फ्रीदा काहलोचे कपडे, औषधं, कंबरपट्टे, कृत्रिम पाय, सगळं एकाच घरात कुलूपबंद राहिलं आणि २००४ साली खोली उघडली. सुमारे तीनशे वस्त्रं एकत्र असल्यामुळे तिचं शरीर, तिचा अपघात, तिचं नेसणं यांचा एकमेकांशी असलेला संबंध अभ्यासकांना लागला. तेच सुटे विकले गेले असते तर तीनशे सुंदर घागरे-पोलकी राहिली असती. तुमचा शालू, पोलकं, नथ आणि ती ट्रंक हा एक संच आहे. ट्रंकेवर कंपनीचं नाव रंगवलेलं आहे का, तळाशी वर्तमानपत्र अंथरलेलं आहे का, त्यावर तारीख आहे का, हे आजच बघा.

संग्रह वाढवायचा तर मी तुम्हाला बालगंधर्वांच्या मागे लागू नका असं सांगेन. त्यांच्या नावावर फार वस्तू फिरतात. त्याऐवजी ज्यांच्यावाचून ते उभेच राहिले नसते त्या माणसांच्या वस्तू शोधा: कपडेपट सांभाळणाऱ्याची हिशेबाची वही, टोप तयार करणाऱ्याचे लाकडी साचे, दुय्यम स्त्रीपार्टी नटाचं पोलकं, ऑर्गनवाल्याची पगडी, खेळाची हस्तपत्रकं. कपडेपटाच्या एका वहीत ‘शालू, लाल, रुक्मिणी’ अशी नोंद मिळाली तर ती तुमच्या शालूलाच नाही, इतर दहा घरांतल्या शालूंना नाव देईल. प्रत्येक वस्तूचा फोटो, मापं, वजन, मिळाल्याची तारीख आणि देणाऱ्याचं म्हणणं अशी नोंद ठेवा आणि तिची प्रत दुसऱ्या गावी ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह एका रात्रीत जळालं. अशा वेळी नोंदीच उरतात.

राहिला तुमच्या भावाचा आग्रह. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ‘स्वयंवर’च्या पहिल्या वर्षांतला शालू असेल तर त्याने शंभरी ओलांडली आहे. वय त्याहून कमी आहे असं वाटत असेल तरी नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागेल. गंमत म्हणजे तो दाखला मिळाला तर शालू शंभर वर्षांचा नाही हेही लेखी सिद्ध होईल. म्हणून आधी वर सांगितलेली तपासणी पूर्ण करा, भावाला तिचे फोटो आणि आत्याचं रेकॉर्डिंग पाठवा, आणि वस्तू कुठे राहाव्यात हे दोघांनी त्यानंतर ठरवा.